वॉकीटॉकीला संगणक कशाला जोडायचा?

प्रश्न : मी साताऱ्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना नुकताच मिळाला आणि बाओफेंग यूव्ही-५आर हा संच घेतला. संचावर आकड्यांच्या कळा आहेत, पडदा आहे, मेनू आहे. तरी जो भेटतो तो सांगतो, ‘केबल घे आणि कॉम्प्युटरवरून प्रोग्राम कर.’ संचावरच सगळं करता येत असेल तर कॉम्प्युटर कशाला? आणि त्या केबलमधून आत नक्की जातं तरी काय?

उत्तर : परवान्याबद्दल मनापासून अभिनंदन. तुझ्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो. तो उलगडला की पहिल्याचं उत्तर त्यातच सापडेल.

केबलमधून जातो तो एक तक्ता. ‘प्रोग्राम करणं’ म्हटलं की संचात नवं सॉफ्टवेअर भरलं जात असावं असं वाटतं. तसं होत नाही. संच चालवणारं फर्मवेअर कारखान्यातच बसवलेलं असतं आणि या सगळ्या व्यवहारात त्याला हात लागत नाही. त्याच्या जोडीला एक छोटी स्मृती असते, ईईप्रॉम नावाची. बॅटरी काढली तरी ती पुसली जात नाही. यूव्ही-५आरमध्ये ती ८ किलोबाइटची आहे. तू चौथा चॅनेल निवडलास की फर्मवेअर स्मृतीतली चौथ्या चॅनेलची ओळ वाचतं आणि तिथे जे लिहिलं असेल ते बिनबोभाट करतं. ते बरोबर आहे का, कायद्यात बसतं का, त्या फ्रिक्वेन्सीवर ऐकणारं कुणी आहे का, हे ते तपासत नाही. ती जबाबदारी तक्ता लिहिणाऱ्याची. त्यामुळे प्रत्येक रकाना कशासाठी आहे हे समजून तो भरणं हेच खरं प्रोग्रामिंग. केबल जोडून बटण दाबायला कुणीही पाच मिनिटांत शिकतो.

या संचात १२८ चॅनेल मावतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला १६ बाइट येतात. पहिल्या चार बाइटमध्ये ऐकायची फ्रिक्वेन्सी, पुढच्या चारमध्ये बोलायची. मग दोन बाइट ऐकतानाच्या टोनसाठी आणि दोन बोलतानाच्या टोनसाठी. उरलेल्या चारमधले सुटे बिट किरकोळ दिसणाऱ्या पण महत्त्वाच्या गोष्टी ठरवतात : शक्ती जास्त की कमी, पट्टा रुंद की अरुंद, स्कॅन करताना हा चॅनेल धरायचा की वगळायचा. चॅनेलचं नाव स्मृतीत वेगळ्या जागी असतं आणि त्याला जास्तीत जास्त सात अक्षरं मिळतात.

आता एक खराखुरा चॅनेल भरून पाहू. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सप्टेंबर २०२० पासून जगभरच्या हॅमसाठी एक रिपीटर आहे. आपण १४५.९९० मेगाहर्ट्झवर बोलायचं. स्थानक ते ऐकतं आणि त्याच क्षणी ४३७.८०० मेगाहर्ट्झवर परत पाठवतं. बोलताना आवाजासोबत ६७ हर्ट्झचा टोन गेला पाहिजे, नाहीतर रिपीटर उघडत नाही. भारतात हॅमना १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे वापरता येतात, म्हणजे दोन्ही आकडे तुझ्या परवान्यात बसणारे आहेत. रिपीटर बारा महिने चालू नसतो. तो केव्हा चालू आहे हे एआरआयएसएस ही संस्था जाहीर करते, ते आधी पाहून घे.

यात मेख आहे ती वेगाची. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं. ते आपल्याकडे येत असताना ४३७.८०० ची लहर आपल्याला सुमारे १० किलोहर्ट्झ वरच्या बाजूला ऐकू येते आणि दूर जाताना तितकीच खाली सरकते. हा डॉप्लर परिणाम. १४५.९९० वर तो साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपासच असतो आणि रिपीटर तेवढा फरक चालवून घेतो, म्हणून तिकडे काही करावं लागत नाही. ऐकण्याच्या बाजूला मात्र एक चॅनेल पुरत नाही. त्यासाठी लागोपाठ पाच चॅनेल भरायचे : ऐकायला ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ आणि ४३७.७९०, बोलायला पाचही ठिकाणी १४५.९९०, टोन ६७.०. स्थानक क्षितिजावर आलं की पहिल्यापासून सुरुवात करायची आणि आवाज फाटायला लागला की पुढच्यावर जायचं. त्याचं एकदा आकाशातून जाणं म्हणजे दहाएक मिनिटांचा मामला.

हे संचाच्या पोटात कसं लिहिलं जातं तेही बघ. ४३७.८१० मेगाहर्ट्झ १० हर्ट्झच्या एककात मोजले की ४३७८१००० होतात. त्या आठ अंकांच्या दोन-दोनच्या जोड्या करायच्या आणि उलट्या क्रमाने ठेवायच्या : ००, १०, ७८, ४३. हे पहिले चार बाइट. १४५.९९० चे त्याच पद्धतीने ००, ९०, ५९, १४. टोन दहापट करून ६७० म्हणून लिहिला जातो. केबलमधून जातं ते हे.

आता पहिला भाग. हेच कळांवरून करायला गेलास तर आधी बोलतानाचा टोन १३ व्या मेनूत लावायचा, मग ऐकायची फ्रिक्वेन्सी टाकायची, २७ व्या मेनूत जाऊन चॅनेल क्रमांक निवडून ती साठवायची. त्यानंतर बोलायची फ्रिक्वेन्सी टाकायची आणि पुन्हा २७ व्या मेनूतून त्याच क्रमांकावर साठवायची. असं पाच वेळा. मधे एक कळ चुकली तर काय चुकलं हे पडद्यावर दिसत नाही. शिवाय चॅनेलला नाव द्यायची सोय या संचाच्या कळांवर नाहीच. संगणकावर याच पाच ओळी एकाखाली एक दिसतात, चूक डोळ्यांना लगेच कळते, आणि भरलेला तक्ता फाइल म्हणून जपून ठेवता येतो. तरीसुद्धा कळांवरून एक चॅनेल भरायला शिकून ठेव. गडावर कुणी ऐन वेळी नवी फ्रिक्वेन्सी सांगितली तर तिथे लॅपटॉप नसणार.

सॉफ्टवेअरसाठी ‘चर्प’ घे. डॅन स्मिथ या अमेरिकन हॅमने (त्यांचं कॉलसाइन केके७डीएस) सुरू केलेलं, पायथन भाषेत लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त स्रोत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि बाओफेंगबरोबरच केनवूड, यासू, आयकॉम अशा अनेक कंपन्यांच्या शेकडो संचांशी बोलतं. प्रत्येक कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर वेगळं, तक्ता वेगळा, फाइल वेगळी. हे सगळे वेगवेगळे तक्ते एकाच रूपात दाखवायचे, ही चर्पची कामगिरी. त्यामागे जगभरच्या स्वयंसेवकांनी एकेका संचाची स्मृती बाइट-बाइट करून उकलण्याचे कष्ट आहेत. कित्येक कंपन्यांनी ही मांडणी कुठेच छापलेली नाही. एखादा रकाना बदलायचा, संचात कुठला बाइट बदलला ते बघायचं, नोंद करायची, पुढचा रकाना घ्यायचा, असं ते काम चालतं. मला त्या लोकांबद्दल अतिशय आदर वाटतो.

पहिल्यांदा केबल जोडलीस की एकच काम कर : ‘डाउनलोड फ्रॉम रेडिओ’. इथे बरेच नवखे गोंधळतात. डाउनलोड म्हणजे संचातून संगणकात, अपलोड म्हणजे संगणकातून संचात. आधी संचातला मूळ तक्ता वाचून घे, काहीही न बदलता ती फाइल वेगळ्या नावाने जतन कर आणि तिला पुन्हा हात लावू नकोस. पुढे काही बिघडलं तर परतीची वाट म्हणजे ती फाइल. पाच ओळी त्यानंतर भर. चर्पमध्ये ‘ड्युप्लेक्स’च्या रकान्यात ‘स्प्लिट’ निवडायचं आणि शेजारच्या ‘ऑफसेट’मध्ये बोलायची पूर्ण फ्रिक्वेन्सी लिहायची. ‘टोन मोड’मध्ये ‘टोन’.

प्रश्न : आमच्या भागातला रिपीटर मला स्वच्छ ऐकू येतो, पण मी बोललो तर कुणीच उत्तर देत नाही. फ्रिक्वेन्सी दहा वेळा तपासली. संच बिघडला असेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : संच बहुधा ठणठणीत आहे. फ्रिक्वेन्सीच्या शेजारचे तीन रकाने तपासा.

पहिला ऑफसेट. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. भारतात दोन मीटरच्या पट्ट्यात त्यांच्यातलं अंतर प्रघाताने ६०० किलोहर्ट्झ असतं आणि तुमचा संच बोलताना त्याने खाली जावा लागतो. म्हणजे ड्युप्लेक्समध्ये उणे चिन्ह आणि ऑफसेटमध्ये ०.६००. हा रकाना रिकामा राहिला तर रिपीटर ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो आहे त्याच फ्रिक्वेन्सीवर तुम्ही बोलत राहता. तिथे त्याचे कान नसतात.

दुसरा टोन, आणि माझा संशय यावरच जास्त आहे. बहुतेक रिपीटरना उघडण्यासाठी सीटीसीएसएस टोन लागतो. ६७.० पासून २५४.१ हर्ट्झपर्यंतचे ठरलेले टोन आहेत. तुमच्या आवाजाखाली तो सतत वाजत असतो आणि ऐकणाऱ्याचा संच तो गाळून टाकतो, म्हणून कानाला जाणवत नाही. गोंगाटाने किंवा दूरच्या परक्या संदेशाने रिपीटर उगाच उघडू नये यासाठी ही सोय असते. गुप्ततेशी तिचा काही संबंध नाही. टोन लावला म्हणजे आपलं बोलणं खाजगी झालं असं कुणी समजू नये. कोणत्याही साध्या संचावर ते ऐकता येतं. तुमच्या रिपीटरचा टोन कोणता हे तो सांभाळणाऱ्या क्लबला विचारून घ्या.

टोन घालताना चर्प दोन पर्याय देतं, ‘टोन’ आणि ‘टीएसक्यूएल’, आणि लोक दुसरा निवडून फसतात. ‘टोन’ म्हणजे मी बोलताना टोन पाठवीन, ऐकताना मात्र सगळं ऐकीन. ‘टीएसक्यूएल’ म्हणजे समोरून तोच टोन आल्याशिवाय माझा स्पीकर उघडायचा नाही. रिपीटर आपल्या बाजूने टोन पाठवत नसेल तर टीएसक्यूएल लावलेला संच मुका वाटतो : तुमचा आवाज सगळ्यांना पोचतो, त्यांचा तुम्हाला नाही. तुमची तक्रार याच्या उलट आहे, त्यामुळे तुमच्याकडे टोन लावलेलाच नाही किंवा चुकीचा लावला आहे असं मी म्हणेन. ‘टोन’पासून सुरुवात करा.

तिसरा रकाना ‘मोड’. एफएम म्हणजे रुंद, एनएफएम म्हणजे अरुंद. यात चूक असली तर संपर्क तुटत नाही, पण आवाज एक तर दबका जातो किंवा कडा फाटल्यासारखा.

प्रश्न : केबल लावली, सॉफ्टवेअर उघडलं, पण ‘रेडिओ डिड नॉट रिस्पाँड’ असंच येत राहतं. दुकानदार म्हणतो केबल चांगली आहे. काय करू? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी केबलची दोन टोकांची पिन संचात पूर्ण बसली आहे का ते बघा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण यूव्ही-५आरच्या कवचाची कड पिनच्या आवरणाला अडते आणि शेवटचा मिलिमीटरभर भाग बाहेर राहतो. थोडा जोर लावून ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबा. एवढ्यानेच कितीतरी जणांचं काम होतं.

तेवढ्याने जमलं नाही, तर गाठ त्या केबलमधल्या चिपशी आहे. संगणकाचं यूएसबी आणि संचाला समजणारी साधी सिरिअल भाषा यांच्यात दुभाषाचं काम करणारी एक चिप यूएसबीच्या टोकात बसवलेली असते. स्वस्त केबलींमध्ये बऱ्याचदा प्रोलिफिक कंपनीच्या पीएल२३०३ या चिपची नक्कल असते. नक्कल ओळखली की प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर तिच्याशी काम करायला नकार देतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण दिसली तर हेच कारण असण्याची दाट शक्यता आहे. अनेक जण जुना ड्रायव्हर बसवून वेळ निभावून नेतात, पण विंडोज स्वतःला अद्ययावत करताना पुन्हा नवा बसवतं आणि मेहनत वाया जाते.

नकली चिपचा सर्वांत गाजलेला प्रसंग २०१४ सालचा. एफटीडीआय या दुसऱ्या चिप कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि तो नकली चिप ओळखून तिचा उत्पादन क्रमांक शून्य करून टाकत होता. म्हणजे केबल त्या संगणकावरच नव्हे, कुठल्याच संगणकावर नीट ओळखली जाईना. ज्यांनी विश्वासाने विकत घेतली होती त्या ग्राहकांना ती नकली आहे याची कल्पनाही नव्हती. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. नक्कल करणाऱ्याचा गुन्हा खराच, पण शिक्षा विकत घेणाऱ्याला देणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

तुम्हाला माझा सल्ला असा : अस्सल एफटीडीआय चिपची केबल थोडे जास्त पैसे देऊन घ्या. ती वर्षानुवर्षं टिकते. दरम्यान हाताशी लिनक्सचा संगणक असेल तर आहे ती केबल त्याला लावून पाहा. तिथे अशा चिप सहसा विनातक्रार चालतात. आणि चर्पमध्ये निवडलेला पोर्ट खरोखर त्याच केबलचा आहे ना, हे केबल काढून-लावून यादीत कोणता पोर्ट नाहीसा होतो त्यावरून ओळखा.

प्रश्न : मित्राच्या संचात सगळं सुंदर भरलेलं आहे. त्याची फाइल घेऊन माझ्या संचात टाकली तर चालेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फाइल जशीच्या तशी टाकू नका. चॅनेल मात्र जरूर घ्या.

चर्पची ‘इमेज’ फाइल म्हणजे त्या एका संचाच्या स्मृतीची पूर्ण प्रत. तिच्यात चॅनेलच्या पलीकडचं बरंच असतं, त्या संचाच्या फर्मवेअरच्या आवृत्तीशी बांधलेलं. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या यूव्ही-५आरमध्ये आवृत्त्या अनेक आहेत आणि त्यांची अंतर्गत मांडणी सर्वत्र सारखी नाही. एकाची पूर्ण प्रत दुसऱ्यात ओतली तर संच विचित्र वागू लागतो, कधी बंदच पडतो. चर्प संचाची ओळख तपासून न जुळणारी फाइल नाकारायचा प्रयत्न करतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

बरोबर पद्धत अशी की आधी स्वतःच्या संचातून तक्ता वाचून घ्यायचा, मग मित्राची फाइल शेजारच्या टॅबमध्ये उघडायची, हव्या त्या ओळी तिथून कॉपी करून आपल्या तक्त्यात चिकटवायच्या आणि मग आपला तक्ता आपल्या संचात पाठवायचा. वेगळ्या कंपनीच्या संचातले चॅनेलसुद्धा असे घेता येतात. पाठवणं चालू असताना केबल हलवू नका आणि त्याआधी संचाची बॅटरी भरलेली असू द्या.

आणि घेतलेली प्रत्येक ओळ वाचा. मित्राने केवळ ऐकण्यासाठी ठेवलेल्या एखाद्या चॅनेलवर तुमचं बोट बोलायच्या कळेवर पडलं तर तुमचा संच तिथे प्रक्षेपण करील. ऐकण्यापुरत्या चॅनेलवर ड्युप्लेक्समध्ये ‘ऑफ’ लिहिलं की संच तिथे बोलत नाही. हा रकाना मित्राने भरला आहे का, ते पाहणं तुमच्या हातात आहे.

प्रश्न : आमचा पंधरा-वीस जणांचा ट्रेकिंगचा गट आहे. सह्याद्रीत अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. चार वॉकीटॉकी घेऊन एकच मोकळी फ्रिक्वेन्सी प्रोग्राम करून ठेवली तर? आणीबाणीला उपयोगी पडतील. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमचा हेतू चांगला आहे, म्हणून सरळ सांगतो : असं करू नका. ‘मोकळी’ दिसणारी फ्रिक्वेन्सी बहुधा कुणाला तरी दिलेली असते. तुम्ही ऐकलंत त्या वेळी तिथे शांतता होती, एवढंच. परवाना किंवा अधिकृत सूट नसताना रेडिओसंच बाळगणं आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही संच बाळगायला अधिकृत परवानगीची अट कायम ठेवली आहे. ऑनलाइन दुकानांतून असे संच सर्रास विकले जात होते. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल नोटिसा काढल्या आणि मार्गदर्शक सूचनाही दिल्या.

तुम्हाला दोन रस्ते खुले आहेत. पहिला, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा. २०१८ च्या नियमांनी त्यात कमी शक्तीच्या, मान्यताप्राप्त संचांना परवान्यातून सूट दिली आहे. गटाला चालताना, पुढची आणि मागची तुकडी जोडून ठेवायला हे संच पुरतात. पण लक्षात घ्या, सूट फ्रिक्वेन्सीला नाही, त्या प्रकारच्या संचाला आहे. चार-पाच वॉटचा उघडा संच प्रोग्राम करून ४४६.१ वर आणला म्हणून तो सुटीत बसत नाही. सॉफ्टवेअर तो आकडा मुकाट्याने स्वीकारील आणि संच त्यावर बोलेलही, हीच यातली अडचण आहे.

दुसरा रस्ता मला अधिक मोलाचा वाटतो. गटातल्या चार-पाच जणांनी हॅमची परीक्षा द्या. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा ती घेते आणि वयाची अट फक्त बारा वर्षांची आहे. हॅमला हॅमशीच बोलता येतं, त्यामुळे संच ज्यांच्या हातात असतील त्या सगळ्यांकडे परवाना लागेल. पण त्या अभ्यासात लहर कशी जाते, डोंगराआड का जात नाही, संकटात संदेश थोडक्यात आणि न चुकता कसा द्यायचा, हे अंगवळणी पडतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा केंद्र सरकारने हॅमची पथकं तिकडे धाडली होती. २००१ च्या कच्छच्या भूकंपातही तसंच झालं. अशा वेळी सरकार ज्यांना बोलावतं त्यांनी आधीची कित्येक वर्षं रोज बोलून-ऐकून हात बसवलेला असतो. कपाटात ठेवलेला, एकदाच प्रोग्राम केलेला संच आणीबाणीला बाहेर काढला तर त्याची बॅटरी उतरलेली असते आणि कोणता चॅनेल कशाचा हे कुणाला आठवत नाही.

प्रश्न : मी सरकारी बिनतारी विभागातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. आमच्या वेळी चॅनेल बदलायचा म्हणजे क्रिस्टल बदलायचा. मधल्या काळात हे सगळं संगणकावर कसं गेलं? आणि माझ्याकडे नव्वदच्या दशकातला एक व्यावसायिक संच पडून आहे. तो हॅमच्या पट्ट्यात आणता येईल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपण ज्या काळात काम केलंत त्याची आजच्या मुलांना कल्पना नसते, म्हणून त्यांच्यासाठी दोन वाक्यं. त्या संचांत प्रत्येक चॅनेलला क्वार्ट्‌झचे दोन तुकडे लागत, एक ऐकायला, एक बोलायला. १४५.५०० मेगाहर्ट्झवर बोलायचं तर साधारण १२.१२५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घेऊन त्याचं कंपन टप्प्याटप्प्याने बारापट करायचं. सहा चॅनेलच्या संचात बारा क्रिस्टल, प्रत्येक मागवून घ्यायचा, बसवायचा आणि छोट्या ट्रिमरने नेमका जुळवायचा.

बदल घडवला तो फेज लॉक्ड लूपने. त्यात संदर्भासाठी एकच क्रिस्टल असतो आणि बाकी सारं एका भाजकावर चालतं. पायरी १२.५ किलोहर्ट्झची असेल तर १४५.५०० साठी भाजक येतो ११६४०. तो ११६४१ केला की संच १४५.५१२५ वर जातो. चॅनेल म्हणजे ज्या दिवशी एक संख्या झाली, त्या दिवशी तो मेमरीत लिहिता येऊ लागला. सुरुवातीला या संख्या डायोडच्या जाळीत किंवा एकदाच जाळून लिहायच्या प्रॉममध्ये बसवून तो तुकडा संचात खोचत. मोटोरोला त्याला कोडप्लग म्हणे आणि आजच्या डिजिटल संचांच्या फाइलीलाही लोक कोडप्लगच म्हणतात. पुढे पुन्हा-पुन्हा लिहिता येणारी ईईप्रॉम आली आणि संचाला केबल लावायची पद्धत पडली.

आपल्या संचाबद्दल. त्या काळातल्या सॉफ्टवेअरची जन्मभूमी डॉस. ते सिरिअल पोर्टवरची वेळ प्रोसेसरच्या वेगावरून मोजत असे. आजच्या वेगवान संगणकावर ती मोजणी कोलमडते आणि लिखाण अर्ध्यात तुटतं. स्मृतीत अर्धवट तक्ता राहिला की संच चालू व्हायलाही नकार देऊ शकतो. म्हणून डॉसवर सुरू होणारा ३८६ किंवा ४८६ जातीचा जुना संगणक मिळवा, ज्याच्या पाठीवर खरा सिरिअल पोर्ट असेल. यूएसबीचं रूपांतर करणारी केबल इथे भरवशाची नाही. संगणकाच्या सिरिअल पोर्टवरचा विद्युतदाब संचाला झेपणारा नसतो, त्यामुळे मधे इंटरफेस बॉक्सही हवा. मोटोरोलाच्या संचांसाठी त्याला रिब म्हणत. तो आता जुन्या बाजारातच मिळेल, पण आपल्यासारख्या तंत्रज्ञाला तो सोल्डर करून घरी बनवणं अवघड नाही, सर्किट साधं आहे.

संच कोणत्या पट्ट्यासाठी बनवला होता ते मागच्या पाटीवर पाहा. व्हीएचएफचे बरेच संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झच्या टप्प्यात विभागून येत आणि १४६ ते १७४ साठी जुळवलेला संच १४५ वर नुसत्या आकड्याने येत नाही. लूप लॉक होईना तर आतलं ट्यूनिंग हलवावं लागतं. तिथे आपला जुना ट्रिमरचा हात कामाला येईल. आणि संच हवेवर आणण्याआधी तो आपल्या हॅम परवान्याखाली वापरताय ना, याची खात्री करून घ्या. विभागातल्या सेवेचा परवाना घरच्या संचाला लागू होत नाही.